तळं कुठं पळून चाललंय?

आज सकाळी मी सलग २० मिनिटं पळले. मध्ये एकदाही न थांबता, न चालता. वय वर्षं ४७, आणि आयुष्यात पहिल्यांदा.

आमच्या कोल्हापूरच्या रंकाळा तळ्यावरून घरी आले तेव्हा पोटऱ्या थरथरत होत्या आणि मी एकटीच हसत होते. गेटपाशी ओळखीचे एक गृहस्थ भेटले. "किती झालं आज?" मी हौसेनं घड्याळ पुढं केलं. २० मिनिटं, २.४ किलोमीटर. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "अहो वहिनी, एवढं तर आम्ही चालतो की. याला पळणं म्हणत नाहीत." आणि दुधाची पिशवी घेऊन वर निघून गेले.

सकाळपासून तेच डोक्यात घोळतंय. भाजी फोडणीला टाकताना, ऑफिसात व्हाउचर तपासताना. म्हणून आता लिहून टाकते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. 'काउच टू फाइव्ह के', म्हणजे सोफ्यावरून पाच किलोमीटरपर्यंत, नावाचा पळायला शिकवणारा एक कार्यक्रम आहे. ९ आठवडे, आठवड्यातून तीनच दिवस, शेवटी सलग अर्धा तास पळणं. १९९६ साली जॉश क्लार्क नावाच्या एका अमेरिकन तरुणानं तो तयार केला, पन्नाशीतल्या आपल्या आईला डोळ्यांसमोर ठेवून. मला ही गोष्ट फार आवडते. पहिल्या आठवड्यात ५ मिनिटं भरभर चालायचं, मग ६० सेकंद पळायचं, ९० सेकंद चालायचं, असं आठ वेळा. लेकीनं फोनमध्ये टाकून दिलं आणि म्हणाली, "आई, फक्त एक मिनिट गं."

ते एक मिनिट काय असतं ते पहिल्या दिवशी कळलं. चौथ्या खेपेला संध्यामठाच्या बाजूला कठडा धरून उभी राहिले. छातीचा भाता झालेला, तोंडात लोखंडासारखी चव, कमरेला बांधलेली ओढणी सुटून पायात आलेली. तेवढ्यात काठी टेकत फिरायला येणारी नऊवारीतली एक आजी थांबली. "कोण मागं लागलंय गं पोरी?" मी म्हटलं, "कोणी नाही आजी, पळायला शिकतीय." ती म्हणाली, "मग दमानं शीक की. तळं कुठं पळून चाललंय?"

त्या दिवशी ते नुसतं कानावरून गेलं. तिसऱ्या आठवड्यात मात्र पटलं. तिथं ९० सेकंद आणि मग ३ मिनिटं पळायचं असतं. कॉलेजची पोरं शेजारून गेली आणि मला काय वाटलं कोण जाणे, त्यांच्यामागं सुटले. दुसऱ्या दिवशी नडगी अशी ठणकायला लागली की जिना उतरता येईना. दहा दिवस घरी बसले. श्वास लवकर सुधारतो, पण हाडं आणि स्नायूबंध आपल्या वेळेनंच बळकट होतात, म्हणून तर मध्ये एक दिवस सुट्टीचा ठेवलेला असतो. तिसरा आठवडा मी पुन्हा पहिल्यापासून केला. दमानं केला.

आणि आता कोणीतरी येऊन मला सांगणार, याला पळणं म्हणत नाहीत? २० मिनिटांत २.४ किलोमीटर म्हणजे ताशी सात किलोमीटरच्या वर. चालून दाखवा ना! आणि समजा मी त्याहून हळू पळले असते, तरी दोन्ही पाय जमिनीवरून उचलले जात होते ते माझेच होते. पळणं म्हणजे आणखी काय असतं?

शाळेत आपल्याला पळणं एकच शिकवलं. शिट्टी वाजली की जीव खाऊन १०० मीटर. पहिले तीन पाटावर उभे, बाकीच्यांनी मंडपात जाऊन बसा. शेजारणीशी बोलता येईल अशा वेगानंही पळता येतं, आणि सुरुवातीला तसंच पळायचं असतं, हे कोणी सांगितलं का? आठवीनंतर तर पोरींचं पळणंच बंद. 'बरं दिसत नाही.' ऑलिंपिकमध्येसुद्धा १९८४ पर्यंत बायकांची मॅरेथॉन नव्हती, कारण काय, तर झेपणार नाही म्हणे. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत धावली, दहावी आली, तेव्हा टीव्हीसमोर टाळ्या आपण सगळ्यांनी वाजवल्या. पण घरातली, शेजारची बाई बूट घालून खाली उतरली की "किती मिनिटांत?"

बरं, जे वेगासाठी वर्षानुवर्षं घाम गाळतात त्यांच्या कष्टांचं मोल आहेच, ते मी नाकारत नाही. आणि गुडघ्याचं, बीपीचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं, मीही विचारलं होतं. पण ते गृहस्थ काही माझ्या गुडघ्यांची काळजी करत नव्हते.

जाऊ दे. आजचं सांगते. पाचव्या आठवड्याचा तिसरा दिवस म्हणजे या कार्यक्रमातला घाट. पहिल्या दिवशी पाच-पाच मिनिटं तीनदा, दुसऱ्या दिवशी आठ-आठ दोनदा, आणि तिसऱ्या दिवशी एकदम २०. काल रात्री धड झोप लागली नाही. बाराव्या मिनिटाला वाटलं, झालं, आता थांबूया. पदपथावर रात्रीच्या पावसाचं पाणी होतं, त्यात माझ्या बुटांचा चप चप आवाज येत होता. मी तोच मोजत राहिले. सतराव्या मिनिटाला समोर आजी. आज ती काहीच बोलली नाही. तिनं काठी या हातातून त्या हातात घेतली आणि कठड्याकडे सरकून मला वाट करून दिली. मला रडू आलं. रडत रडत पळता येतं, हेही आजच कळलं.

एवढं लिहून होईतो आमच्याच बिल्डिंगमधल्या एकीचा मेसेज आला आहे. "सकाळचं मी गॅलरीतून ऐकलं. बूट कुठून घेतलेस? मला एक मिनिट तरी जमेल का?"

मी तिला लिहिलंय, परवा पावणेसहाला गेटपाशी ये, ओढणी घरी ठेव. माझा सहाव्याचा पहिला दिवस आहे, पण आधी तुझी साठ-साठ सेकंदं आठ वेळा करू, माझं नंतर बघू.