विंडोज नव्याने टाकल्यावर वायफाय गेलं म्हणजे कार्ड जळालं? नाही

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरतोय: ‘विंडोज पुन्हा टाकल्यावर वायफाय किंवा आवाज बंद पडला तर कार्ड जळालेलं असतं, नाहीतर अमुक ड्रायव्हर पॅक टाका.’ दोन्ही गोष्टी चूक आहेत. कार्ड सहसा ठणठणीत असतं, त्याला चालवणारा छोटा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, तेवढा नव्या विंडोजमध्ये नसतो. स्क्रीनवरचे आयकॉन अचानक बटाट्याएवढे दिसायला लागतात, तेही बहुधा यामुळेच.

कोणत्या भागाचा ड्रायव्हर हवाय ते बघायला स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. पिवळ्या त्रिकोणाच्या ‘अननोन डिव्हाइस’वर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, मग डिटेल्समध्ये ‘हार्डवेअर आयडीज’ निवडा. ‘व्हीईएन’ (VEN) नंतरचे चार आकडे-अक्षरं म्हणजे त्या भागाचं आडनावच, म्हणजे तो कोणत्या कंपनीचा ते कळतं. ८०८६ असेल तर इंटेल, १०ईसी असेल तर रिअलटेक, १०डीई असेल तर एनव्हिडिया.

आता नेटच नाही तर ड्रायव्हर उतरवायचा कसा? अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडा आणि यूएसबी टेदरिंग (फोनचं नेट केबलमधून लॅपटॉपला देणं) चालू करा; याला वायफायचा ड्रायव्हर लागत नाही. मग विंडोज अपडेट चालवा, त्यातले ‘ऑप्शनल अपडेट्स’ही बघा. अर्धं काम तिथेच होतं. उरलेलं लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवर, मागच्या स्टिकरवरचं मॉडेल टाकून.

ते ड्रायव्हर पॅक, म्हणजे सगळे ड्रायव्हर एकदम टाकून देणारे प्रोग्राम, मात्र नकोच. सोबत भलतेसलते प्रोग्राम येतात, आणि ते काढण्यात अख्खा रविवार जातो. माझा गेलाय.