चोराची गैरसोय टाळण्यासाठी पर्यटकांना काही नम्र सूचना

गोव्याला सहकुटुंब जाण्याचा बेत आखणाऱ्या सुजाण वाचकांनी सर्वप्रथम हे ध्यानात घ्यावे की, हॉटेलच्या खोलीत होणारी चोरी ही हॉटेलची नव्हे, तर सर्वस्वी पाहुण्याची जबाबदारी असते. हे मी माझ्या मनाचे सांगत नाही. स्वागतकक्षातील भिंतीवर, गणपती आणि येशू यांच्या तसबिरींच्या मधोमध, तसे इंग्रजीत छापून चौकटीत लावलेले असते आणि त्याखाली व्यवस्थापक उभा असतो. हा नियम चोराला ठाऊक असतो, व्यवस्थापकाला पाठ असतो. अज्ञानी असतो तो फक्त पाहुणा. ते अज्ञान दूर व्हावे आणि येत्या हंगामात सर्व संबंधितांची सोय व्हावी, एवढ्याच हेतूने हे लिहीत आहे.

खोली आरक्षित करताना छायाचित्रे बारकाईने पाहावीत. तरणतलावाचे पाणी निळे आहे ना, न्याहारी भाड्यातच धरली आहे ना, गॅलरीतून समुद्राचा निदान एखादा कोपरा तरी दिसतो ना, याची फोन करून पुन्हा पुन्हा खात्री करून घ्यावी. दाराला आतून कडी आहे का, गॅलरीच्या सरकत्या काचेचा खटका बसतो का, खोलीच्या चाव्या एकूण किती आणि त्या कोणाकोणाकडे असतात, असले संशयी प्रश्न सुसंस्कृत माणसाने विचारू नयेत. हॉटेल पर्यटन खात्याकडे नोंदलेले आहे का, हे तर मुळीच विचारू नये. गोव्यात त्यासाठी १९८२ पासून कायदा आहे, आणि कायदा आहे म्हणजे तो पाळला जात असणारच.

पोहोचल्यावर मात्र हॉटेलची दक्षता पाहून ऊर भरून येतो. घरातील प्रत्येकाचे, कडेवरच्या लेकराचेसुद्धा, आधार कार्ड मागितले जाते आणि त्याच्या प्रती काढून एका फुगलेल्या फायलीत खोचल्या जातात. ती फाइल दिवसभर टेबलावरच पडलेली असते. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळूर कार्यालयाने एक पत्रक काढून हॉटेलांना अशा प्रती घेण्याची वा ठेवण्याची परवानगी नसल्याचे सांगितले होते. दोनच दिवसांत केंद्र सरकारने ते पत्रक मागे घेतले आणि नागरिकांनी नेहमीचा विवेक बाळगावा असे सुचवले. तो विवेक आपण रांगेत उभे राहून निमूटपणे बाळगावा. आपण कोण, कुठले, किती दिवस राहणार आणि कधी परतणार हे सारे हॉटेलला कळलेच पाहिजे. आपल्या गैरहजेरीत आपल्या खोलीत कोण शिरले, हे मात्र हॉटेलला कळण्याचे काही कारण नाही.

बाहेर पडताना दारावर ‘खोली स्वच्छ करावी’ ही पाटी न विसरता अडकवावी. आत कोणी नाही हे एरवी कळणार कसे?

किनाऱ्यावर गेल्यावर सर्वांनी एकदमच पाण्यात उतरावे. मोबाइल चपलेत, चप्पल टॉवेलखाली आणि टॉवेल बरोबर सगळ्यांच्या नजरेसमोर, ही आपल्याकडची पिढीजात सुरक्षाव्यवस्था आहे. प्रत्येक मराठी कुटुंबात पाण्यात न उतरणारी एक काकू असते आणि पिशव्यांपाशी बसण्यासाठीच तिला आणलेले असते. तिलाही ‘एक तरी लाट घ्या’ असा आग्रह करून पाण्यात ओढावे. उरलेले सामान भाड्याच्या स्कूटरच्या डिकीत ठेवावे. सीट कडेने किंचित उचलली की आत हात जातो, ही गोष्ट किनाऱ्यावरील पार्किंगच्या आसपास वावरणाऱ्या पोराटोरांना ठाऊक असली तरी आपण ती मनावर घेऊ नये.

स्टेटसवर प्रत्येक लाटेचा फोटो टाकावा, म्हणजे पुण्यातील बंद घराचीही वेळेवर चौकशी होते.

आता लॉकरविषयी. कपाटाच्या आत एक राखाडी रंगाचा पेटीवजा लॉकर असतो आणि त्यावर ‘मौल्यवान वस्तू लॉकरमध्येच ठेवाव्यात’ अशी सूचना चिकटवलेली असते. ‘लॉकरमधील वस्तूंना व्यवस्थापन जबाबदार नाही’ हे वाक्य मात्र खाली स्वागतकक्षात असते, म्हणजे दोन्ही एकदम वाचून पाहुण्याचा गोंधळ होत नाही. लॉकर पक्का बसवण्यासाठी त्याला भोके असतात; आमच्या लॉकरला त्यांपैकी दोनच भोकांत स्क्रू होते आणि तेही प्लायवुडमध्ये. पाहुण्याने स्वतःचे चार आकडे ठरवून तो बंद करायचा असतो. त्या आकड्यांखेरीज आणखी एक गुप्त क्रमांक प्रत्येक लॉकरला असतो, कारण पाहुणा आपले आकडे विसरला तर तो उघडता आला पाहिजे. कारखान्यातून येताना हा क्रमांक बहुधा नुसती शून्ये किंवा तसाच काही बाळबोध असतो आणि हॉटेलाने तो बदलून घ्यायचा असतो. आमच्या शेजारच्या खोलीतील आजोबा आकडे विसरले, तेव्हा इस्त्रीचे कपडे पोहोचवायला आलेल्या मुलाने चहा निवायच्या आत तो लॉकर उघडून दिला. आम्ही सर्वांनी त्याच्या हुशारीचे कौतुक केले. हा क्रमांक इस्त्रीवाल्या मुलाला ठाऊक आहे म्हणजे तो आणखी कोणाकोणाला ठाऊक असेल, हा प्रश्न व्यवस्थापकाला पडायला हवा होता. त्याला तो अद्याप पडलेला नाही.

त्या लॉकरमध्ये माझ्या मोत्यांच्या कुड्या होत्या. म्हापशाला नात्यातील लग्न होते आणि ते आटोपून आम्ही समुद्राकाठी मुक्कामाला आलो होतो. ‘बीचवर कुड्या कशाला न्यायच्या?’ असे विचारण्यासाठी ज्यांची जीभ वळवळते आहे त्यांच्यासाठी हा खुलासा. संध्याकाळी परत आलो तर लॉकर बंद, आमच्याच आकड्यांनी व्यवस्थित उघडला, कुड्यांची डबी जागच्या जागी आणि डबी रिकामी. नोटांच्या पुडक्यातून मधल्या तेवढ्या नोटा काढून घेऊन पुन्हा रबर लावून ठेवलेले होते. सगळे नेले की बोंब होते. थोडे नेले की नवरा-बायको एकमेकांना विचारत बसतात, हे ज्याला कळते तो नवशिका नव्हे.

‘मॅडम, तुम्ही त्या नक्की आणल्या होत्या ना?’ असे व्यवस्थापकाने विचारले. मी लग्नातील फोटो दाखवला. फोटोत कुड्या कानात आहेत, यावरून त्या लॉकरमध्ये होत्या असे सिद्ध होत नाही, असे तो म्हणाला. तर्कशास्त्रात त्याला पैकीच्या पैकी गुण. मग मी दाराच्या कुलपाची नोंद मागितली, कारण कार्डाने उघडणाऱ्या कुलपात कोणते कार्ड केव्हा लागले हे साठवलेले असते आणि हातात मावणाऱ्या एका यंत्राने ते काढता येते. ते यंत्र दुरुस्तीला पणजीला गेले होते. व्हरांड्यातील कॅमेऱ्याचे चित्रण मागितले. कॅमेरा चालू होता, त्याचा बारीक हिरवा दिवाही लागलेला होता, पण चित्रण साठत नव्हते. मग तो कॅमेरा कशासाठी लावला होता? येता-जाता आम्ही त्याच्याकडे पाहून हसावे म्हणून? सगळ्या खोल्या उघडणारे मास्टर कार्ड त्या दिवशी कोणाकडे होते, ते कोणाच्या सहीने दिले आणि किती वाजता परत घेतले, याची वही मागितली. वहीच नव्हती. काही नव्हते. आमच्या आधार कार्डांच्या प्रती तेवढ्या शाबूत होत्या.

आणि नसलेल्या वहीच्या जागी त्याने काय आणले, तर तो इस्त्रीवाला मुलगा आणला. आमच्यासमोर त्याचे खिसे उलटे करायला लावले. मी नको म्हणत असताना त्याची पत्र्याची पेटीही उघडायला लावली. त्या पेटीत दोन शर्ट आणि फोनचा तुटका चार्जर होता. कंत्राटदाराने पाठवलेल्या त्या पोराला मास्टर कार्ड देणारा कोण, सगळ्या लॉकरांचा एकच क्रमांक ठेवणारा कोण, याविषयी त्या कार्यालयात बसलेल्या एकाही माणसाला चकार शब्द काढावासा वाटला नाही.

असे काही आपल्या बाबतीत घडलेच, तर आपण तक्रार न करता निघून जावे. हॉटेलचीही तीच अपेक्षा असते. मडगावहून सकाळी सुटणाऱ्या मांडवी एक्स्प्रेसची तिकिटे आपल्या खिशात आहेत हे त्यांना ठाऊक असते आणि पोलीस ठाण्यात बसलो तर गाडी चुकेल हे आपल्याला ठाऊक असते. ठाण्यात गेलोच, तर ‘चोरी’ऐवजी ‘वस्तू गहाळ झाली’ असा दाखला हसतमुखाने घ्यावा. तपास कोणालाच करावा लागत नाही आणि विम्याचा दावाही आपोआप निकालात निघतो. आता गोव्यापुरतेच बोलायचे, तर समुद्रात माणसे बुडू लागली म्हणून सरकारने २००८ पासून किनाऱ्यांवर पगारी जीवरक्षक नेमले. लाल बावटा दिसत असतानाही दारू पिऊन पाण्यात शिरणाऱ्या शहाण्यांना ते शिट्ट्या मारून, प्रसंगी शिव्या खाऊन बाहेर काढतात. खवळलेल्या समुद्रापासून वाचवायला माणूस ठेवता येतो. आपल्याच कुलपाची नोंद ठेवायला वही मात्र ठेवता येत नाही.

पुरे झाले. ‘वस्तू आपापल्या जबाबदारीवर’ अशी पाटी लावली म्हणजे आपण सुटलो, असे ज्या हॉटेलमालकांना वाटते, त्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा नोव्हेंबर २०१९ चा एक निकाल वाचावा. दिल्लीतील एका पंचतारांकित हॉटेलच्या ताब्यात दिलेली मारुती झेन १९९८ मध्ये चोरीला गेली होती आणि पार्किंगच्या चिठ्ठीवर ‘मालकाच्या जबाबदारीवर’ असेच छापलेले होते. वाहन ताब्यात घेतल्यावर आपल्या किंवा आपल्या नोकरांच्या निष्काळजीपणाची जबाबदारी अशा छापील वाक्याने झटकता येत नाही, आणि निष्काळजीपणा झाला नाही हे दाखवण्याचा भार प्रथमतः हॉटेलवर येतो, असे न्यायालयाने म्हटले. गाडीचा निकाल कुड्यांना जसाच्या तसा लागू होतो असे मी म्हणत नाही. पण ज्या खोलीची मास्टर चावी तुमच्याकडे, ज्या लॉकरचा गुप्त क्रमांक तुमच्याकडे आणि जिथे ये-जा करणारी माणसे तुमची, तिथे आम्हालाच उलटतपासणीला उभे करायला तुम्हाला लाज कशी वाटत नाही?

आणि वाचकहो, तुम्ही तरी काय करता? १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ मध्ये राहत्या जागेतील चोरीसाठी सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा गोव्यात घडला तरी तक्रार आपल्या गावच्या ठाण्यात देता येते. मांडवीत बसून घरी या आणि मग द्या, पण द्या. हॉटेलविरुद्ध दाद मागायलाही गोव्याला खेपा घालाव्या लागत नाहीत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे जाता येते आणि १९१५ या क्रमांकावर माहिती मिळते. एवढे सगळे असताना आमच्या आप्तेष्टांपैकी एकानेही ‘तक्रार कुठे केलीस?’ असे विचारले नाही. सगळ्यांनी ‘कुड्या कशाला नेल्यास?’ एवढेच विचारले.

परवा हॉटेलकडून निरोप आला. मी लिहिलेला अभिप्राय काढून टाकल्यास पुढच्या वेळी भाड्यात वीस टक्के सवलत मिळेल, आणि न्याहारी फुकट. त्यांच्या पानावर माझ्याखेरीज चोरीची एकही तक्रार नाही आणि गुण साडेचार आहेत. ते पाहूनच आम्ही तिथे खोली घेतली होती. माझ्याआधी ज्यांचे काही गेले आणि ज्यांनी सवलत घेऊन तोंड मिटले, त्यांना मी एवढेच सांगते की ती न्याहारी तुम्ही आमच्या पैशांनी खाल्लीत.