फीड संपतच नाही, मग तळाशी पोचायचं कसं?
एका लेखात म्हटलंय की खाली खाली सरकत जाणारा फीड, म्हणजे आपोआप नवीन बातम्या जोडत जाणारी न संपणारी यादी, वाचकाला सोयीचा. कुठल्या वाचकाला? मनगट दुखावल्यापासून दोन महिने माउस बाजूला ठेवलाय, सगळं कीबोर्डच्या टॅब कीवर चाललंय. एका बातम्यांच्या साइटवर तळाची 'संपर्क' लिंक हवी होती, टॅब दाबत गेलो तर प्रत्येक बातमीत फोटो, शीर्षक, लाइक, शेअर असे चार थांबे आणि तळ दिसतोय म्हणेपर्यंत अजून १० बातम्या टपकल्या, मारुतीचं शेपूट नुसतं!

बरं उपाय नाहीये असंही नाही. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेच्या आरिया १.१ मध्ये (अपंगांनाही साइट वापरता याव्यात यासाठीचं मानक) २०१७ लाच 'फीड' नावाचा रोल, म्हणजे पानावरचा भाग काय आहे हे सांगणारी कोडमधली खूण, आलाय; त्यांच्या नमुन्यात पेज डाउनने पुढची बातमी, पेज अपने मागची, कंट्रोल-एंडने थेट फीडच्या बाहेर. पण नुसता रोल लिहून ब्राउझर हे आपोआप करत नाही, त्यासाठी जावास्क्रिप्ट कोड साइट बनवणाऱ्यालाच लिहावा लागतो आणि तिथेच सगळे टांग मारतात. शिवाय नवीन बातम्या लोड होताना फोकस (कीबोर्डने आपण पानावर जिथे पोचलोय ती जागा) उडून पानाच्या डोक्यावर जातो तेव्हा तर लॅपटॉप मिटून टाकावासा वाटतो. एवढं जमत नसेल तर सरळ 'आणखी दाखवा' बटण द्या की राव.