बऱ्यापैकी समाधानी

आमच्या न्हाणीघराच्या छतावर ओलीचा एक डाग आहे. गेल्या हिवाळ्यात त्याचा आकार साधारण गोव्याच्या नकाशासारखा होता. या हिवाळ्यात त्याने सिंधुदुर्ग पादाक्रांत केला असून रत्नागिरीच्या दिशेने त्याची आगेकूच चालू आहे. अशा छताखाली रोज अंघोळ करणाऱ्या माणसाला घरमालक संस्थेने आपल्याच कामगिरीचा आढावा घेणाऱ्या भाडेकरू समितीवर बोलवावे, यात मला त्या वेळी देवाचा हात दिसला.

पूर्व लंडनमधले आमचे घर एका हाउसिंग असोसिएशनचे, म्हणजे बाजारभावापेक्षा कमी भाड्याचे आहे. माझे बालपण गिरगावातल्या चाळीत गेले. तिथे मालकाच्या कामगिरीचा आढावा रोज पहाटे सार्वजनिक नळावर घेतला जात असे आणि त्यासाठी कोणाला अहवाल वाचावा लागत नसे. इथे मात्र बैठकीच्या आठवडाभर आधी ऐंशी पानांचे बाड घरी आले. इंग्लंडमध्ये सामाजिक घरांवर देखरेख ठेवणाऱ्या नियामकाने एप्रिल २०२३ पासून अशा संस्थांना २२ निकष लावून दिले आहेत. त्यांपैकी १० निकषांची उत्तरे संस्थेने आपल्या दप्तरातून काढायची असतात आणि १२ निकषांसाठी भाडेकरूंना त्यांचे मत विचारायचे असते. आमच्या बाडात प्रत्येक निकषासमोर हिरवा, पिवळा किंवा लाल ठिपका होता. हिरवळ इतकी दाट होती की, लाल ठिपका शोधण्यासाठी मला चष्मा बदलावा लागला.

दुरुस्तीच्या निकषापाशी मी थबकलो. तातडीची नसलेली किती कामे मुदतीत पूर्ण झाली, असा तो निकष आहे, आणि ही मुदत संस्थेनेच ठरवायची असते. परीक्षार्थीनेच पेपराची वेळ ठरवावी, अशी ही सोय आमच्या शाळेत असती, तर मी आज कुठल्या कुठे असतो. त्यातही काम 'पूर्ण' कधी होते, हे मला आमच्या डागाने शिकवले होते. प्रथम एक गृहस्थ रंगाचा डबा घेऊन आले, छताकडे बघून "हे तर प्लंबरचे काम आहे," असे म्हणाले आणि गेले, काम पूर्ण. मग प्लंबर आला. गळती वरच्या घरातून आहे आणि आपल्याकडे खालच्या घराचा कागद आहे, असे सांगून तोही गेला, काम पूर्ण. तिसरा आला तेव्हा मी दाराच्या आत चार पावलांवर चहा पीत बसलो होतो, तरीही दारातून 'आपण घरी नव्हता' असे छापील कार्ड आत सरकले. मी दार उघडेपर्यंत त्याची गाडी सुरू झालेली होती. तीन कामे, तिन्ही मुदतीत, तिन्ही हिरवी.

खरे तर ओलीचा विषय या देशात हसण्यावारी नेण्यासारखा राहिलेला नाही. रॉचडेल येथे डिसेंबर २०२० मध्ये अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा घरातल्या बुरशीमुळे दगावला. त्याच्या नावाने ओळखला जाणारा कायदा ऑक्टोबर २०२५ मध्ये लागू झाला आणि गंभीर धोक्याच्या ओलीची १० कामकाजी दिवसांत तपासणी करणे संस्थांवर बंधनकारक झाले. आमच्याकडे तपासणी नवव्या दिवशीच झाली, हे मान्य केले पाहिजे. साहेबांनी भिंतीला यंत्र टेकवले, स्वयंपाकघरात डोकावून कुकरकडे रोखून पाहिले आणि स्वयंपाक करताना भांड्यांवर झाकण ठेवण्याचा सल्ला दिला. तीस वर्षे वरणभाताला तीन शिट्ट्या देत आलेल्या आमच्या सौभाग्यवतींनी त्यानंतर जे मौन धारण केले, त्याची ओल अजून वाळलेली नाही.

एवढी तयारी करून मी बैठकीला गेलो. सँडविचे होती, बिस्किटे होती आणि वीणकाम घेऊन आलेल्या, दुसऱ्या मजल्यावरच्या एक जमैकन आजी होत्या, ज्यांना समितीवर नेमके कोणी नेमले हे त्यांनाही माहीत नव्हते. एकूण समाधानाचा आकडा पडद्यावर आला, तो प्रथम श्रेणीत उत्तीर्ण होण्याइतका होता. मी उठून म्हणालो, "हे समाधानी लोक राहतात तरी कुठे? मला एक तरी दाखवा." आजींनी सुया थांबवून माझ्याकडे कौतुकाने पाहिले.

अधिकारी तरुण आणि फार सभ्य होता. त्याने शांतपणे परिशिष्ट उघडायला सांगितले. पाहणी नोव्हेंबरमध्ये संध्याकाळी फोनवरून झाली होती; उत्तरांचे पर्याय पाच होते, आणि 'अतिशय समाधानी' व 'बऱ्यापैकी समाधानी' या पहिल्या दोन्ही पर्यायांची बेरीज करून एकूण आकडा काढला जातो, असे तो सांगू लागला. नोव्हेंबर, संध्याकाळ, फोन. माझ्या हातातले सँडविच हातातच राहिले. अशाच एका संध्याकाळी एका गोड आवाजाच्या मुलीने मला हाच प्रश्न विचारला होता. बिचारी दिवसभर लोकांची बोलणी खात असेल, तिला आणखी कशाला दुखवा, अशा विचाराने मी चारचौघांत प्रकृती विचारल्यावर जे म्हणतो तेच म्हणालो होतो: ठीक आहे, चालले आहे. "म्हणजे बऱ्यापैकी समाधानी असे लिहू का?" असे तिने विचारले आणि मी तिचे आभार मानले होते.

"आपला काही प्रश्न होता ना?" अधिकाऱ्याने विचारले. मी चहा उत्तम असल्याचे सांगून खाली बसलो. आजींनी पुन्हा विणायला घेतले.

घरी आल्यावर मी हा प्रसंग सांगितला, तेव्हा आमच्या सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, "अहो, तुम्ही लग्नातल्या जेवणालाही ठीक आहेच म्हणाला होतात." त्यानंतरच्या शुक्रवारी फोन वाजला. तिसऱ्या 'पूर्ण' कामाबद्दल आपण किती समाधानी आहात, असा प्रश्न होता. मी तोंड उघडणार एवढ्यात फोन माझ्या हातातून काढून घेतला गेला आणि स्वयंपाकघराचे दार आतून लागले. मला शब्द कळत नव्हते, पण कुकर हा शब्द चारदा आला आणि एकदाही त्यात माया नव्हती. वीस मिनिटांनी दार उघडले. मंगळवारी सकाळी आठ वाजता वरच्या घरात प्लंबर आला, हातात वरच्या घराचाच कागद घेऊन.

डाग सध्या राजापूरच्या अलीकडे थांबलेला आहे.