मॅक्स मार्टिन सूत्राने गाणी ‘पाडतो’ का?

स्वीडनचा गीतकार आणि संगीतनिर्माता मॅक्स मार्टिन याच्याविषयीचा एक मजकूर सध्या बराच फिरतो आहे. गेल्या पंचवीस वर्षांतली गाजलेली इंग्रजी पॉप गाणी हा एकटा माणूस एका गणिती सूत्राने पाडतो, गायक हे केवळ चेहरे असतात आणि शाळा अर्धवट सोडलेल्या या माणसाने संगीताचे शिक्षण कधी घेतलेच नाही, असा त्याचा आशय आहे.

आधी सूत्राचे पाहू. सुरावट आधी पक्की करायची, जोडीच्या ओळींतली अक्षरसंख्या जुळवायची आणि एखादे अक्षर जास्त झाले तर चालीऐवजी शब्द बदलायचा, ही मार्टिनची शिस्त खरीच आहे. पण वृत्त सांभाळले म्हणून कविता आपोआप साधत नाही, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. ‘बॅकस्ट्रीट बॉइज’ या अमेरिकी गायकगटासाठी मार्टिनने रचलेल्या १९९९ सालच्या ‘आय वाँट इट दॅट वे’ या गाण्याचे शब्द अर्थाला धरून नाहीत, म्हणून त्याची अर्थपूर्ण शब्दांची दुसरी आवृत्तीही ध्वनिमुद्रित झाली होती. गायकांना मात्र पहिलीच भावली आणि तीच प्रसिद्ध झाली. हा निवाडा कानाचा होता, हिशेबाचा नव्हे. शिवाय सूत्र हमखास असते, तर २००० नंतर ‘बिलबोर्ड’ या अमेरिकी नियतकालिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत पहिले स्थान पुन्हा मिळवायला त्याला २००८ उजाडले नसते. मधल्या काळात तो हातावर हात ठेवून बसला नव्हता. २००४ मध्ये गायिका केली क्लार्कसनसाठी डॉ. ल्यूक या संगीतनिर्मात्यासोबत रचलेल्या ‘सिन्स यू बीन गॉन’मध्ये त्याने रॉकची गिटार आणली आणि जुनी चौकट स्वतःच मोडली.

‘एकटा’ हा शब्दही खोटा आहे. ब्रिटनी स्पिअर्सचे पहिले गाणे त्याने एकट्याने लिहिले, हे मान्यच करायला हवे. पण त्या गाण्याच्या निर्मितीत रामी याकूब हा निर्माता सोबत होता. ‘द वीकेंड’ या गायकाच्या ‘ब्लाइंडिंग लाइट्स’वर तर पाच गीतकारांची नावे आहेत आणि त्यांत स्वतः गायकही आहे. टेलर स्विफ्ट मार्टिनकडे आली, तेव्हा स्वतःची गाणी लिहिणारी म्हणूनच ती प्रसिद्ध होती. गायक केवळ चेहरे असतात, या विधानाचे उत्तर एवढ्यातच मिळते.

शिक्षणाविषयीचा दावा मात्र मला सर्वांत घातक वाटतो, कारण मुलांना गाणे-वाजवणे शिकवणे म्हणजे पैशांची नासाडी, असा निष्कर्ष त्यातून सहज काढला जातो. बँडसाठी मार्टिनने शाळा सोडली, हे खरे. पण तो स्वीडनच्या सरकारी संगीतशिक्षणातून घडला, तिथे फ्रेंच हॉर्न वाजवायला शिकला आणि आपल्या यशाचे श्रेय त्याने त्या शिक्षणाला जाहीरपणे दिले आहे. पुढे स्टॉकहोमच्या शेरॉन स्टुडिओत डेनिझ पॉप या निर्मात्याच्या हाताखाली, ध्वनिमुद्रणाची कला समजून घेण्यात त्याने सुमारे दोन वर्षे रात्रीचा दिवस केला. मार्टिन सँडबर्ग हे मूळ नाव मागे पडून ‘मॅक्स मार्टिन’ हे नाव पडले, तेही डेनिझ पॉपमुळेच. १९९८ मध्ये, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, हा गुरू कर्करोगाने गेला आणि स्टुडिओतली मुख्य जबाबदारी त्याच्या या शिष्यावर आली.