गुडघा म्हणजे टायर नव्हे

‘चाळिशीनंतर गुडघे वाचवायचे असतील तर’ अशा मथळ्याचा एक लांबलचक संदेश सध्या घराघरांतल्या ग्रुपवर फिरतोय. सांगतो काय? गुडघा गाडीच्या टायरसारखा असतो, ठरावीक किलोमीटरच चालतो. म्हणून बैठका बंद, वजन उचलणं बंद, जमिनीवर बसणं बंद. कटकट आवाज आला की वंगण संपलं समजा. त्यावर उपाय भेंडीचं पाणी. व्यायाम म्हणून फक्त चाला, रोज 10,000 पावलं. चाळिशीनंतर स्नायू वाढतच नाहीत, तेव्हा उगाच धडपड करू नका. शेवटी ‘दहा जणांना पाठवा’. माझ्या 52 वर्षांच्या मावशीने हे वाचून जमिनीवर बसणं सोडलंय. म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी भेंडी. भेंडीचा बुळबुळीतपणा म्हणजे वनस्पतीतला एक चिकट तंतुमय पदार्थ. तो पोटात जातो, आतड्यातले जिवाणू त्यातला बराचसा फस्त करतात, उरलेला बाहेर पडतो. पोटातून गुडघ्यापर्यंत त्याची वाट नाही. सांध्यातलं वंगण सांध्याचं आतलं अस्तरच तयार करतं. भेंडी आवडत असेल तर भाजी करून खा.

आवाजाचंही तसंच. दुखत नसताना उठता-बसता गुडघा कटकटला तर तो बहुतेकदा वंगणातल्या वायूच्या बुडबुड्यांचा किंवा कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) हाडावरून सरकल्याचा आवाज असतो. आवाजासोबत सूज येत असेल, गुडघा मध्येच अडकत असेल किंवा अचानक लचकत असेल, तर मात्र हाडांच्या डॉक्टरांकडे जा. आणि ‘गुडघ्यात गॅप आलाय’ हे जे सगळे म्हणतात, ते नेमकं उलटं आहे. झिजेच्या एक्स-रेमध्ये दोन हाडांतली जागा वाढलेली नसते, कमी झालेली असते.

टायरच्या उपमेत अर्धं सत्य आहे, तेवढं देऊन टाकते. हाडांच्या टोकांवरची कूर्चा, म्हणजे तिथलं गुळगुळीत, लवचीक आवरण, एकदा खराब झाली की नीट भरून येत नाही. पण म्हणून तिला विश्रांती द्यायची हा निष्कर्ष चूक आहे. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. दाब पडला की तिच्यातला द्रव बाहेर जातो, दाब सुटला की ताजा द्रव आत येतो, पाण्यात दाबलेल्या स्पंजसारखा. हालचाल थांबवली की तिचं पोषणच अडतं. शिवाय गुडघ्यावरचा धक्का झेलतो तो मांडीचा पुढचा स्नायू. प्लॅस्टरमधून बाहेर आलेली मांडी किती बारीक दिसते ते आठवा. न वापरलेल्या स्नायूचं असंच होतं, आणि मग सगळा भार सांध्यावर येतो.

‘चाळिशीनंतर स्नायू वाढत नाहीत’ या वाक्याची मला सगळ्यांत जास्त चीड येते. 1990 साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात बॉस्टनमधला एक प्रयोग छापून आला. वृद्धाश्रमात राहणारे दहा अशक्त लोक, सरासरी वय 90. त्यांच्याकडून आठ आठवडे मांडीच्या स्नायूंचा जड वजनाचा व्यायाम करून घेतला. नऊ जणांनी तो पुरा केला. त्यांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली, म्हणजे पावणेतीनपट झाली, आणि मांडीच्या स्नायूचा आकारही वाढला. लोक थोडे होते, मान्य. पण पुढे असे प्रयोग पुष्कळ झाले आणि दिशा तीच निघाली. नव्वदीत जमतं ते बावन्नाव्या वर्षी का जमू नये?

आता बैठका. वीस वर्षांच्या खंडानंतर कुणी पहिल्याच दिवशी तालमीतल्या शंभर बैठका मारल्या तर गुडघे धरणारच. त्या बैठकीत टाचा उचलल्या जातात, गुडघा बराच पुढे जातो आणि वाटीमागे दाब वाढतो. स्नायू काही आठवड्यांत सावरतो, वाटीखालच्या कंडरेला महिने लागतात. चूक बैठकीची नाही, घाईची आहे.

सुरुवात खुर्चीपासून करा. साधारण 17-18 इंच उंचीची, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. पावलं खांद्याइतकी रुंद, टाचा जमिनीवर, हात छातीवर दुमडलेले. नाक पायाच्या बोटांवर येईल इतकं पुढे झुका आणि उठा. बसताना मनात तीन आकडे मोजत सावकाश खाली या. धपकन बसलात तर अर्धा व्यायाम वाया गेला. आठ वेळा, दोन मिनिटं थांबून पुन्हा आठ वेळा, एक दिवसाआड. जमत नसेल तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा. उठताना श्वास सोडा, कोंडून धरू नका, रक्तदाब चढतो.

गुडघे आत वळत असतील तर कंबरेच्या बाजूचे स्नायू कमी पडताहेत. गुडघ्यांच्या जरा वर मांड्यांभोवती ओढणी बांधा आणि ती ताणलेली राहील असे गुडघे बाहेर ठेवा. टाचा उचलल्या जात असतील तर घोटा तपासा: अंगठा भिंतीपासून चार इंचांवर ठेवून, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकतो का? टेकत नसेल तर हीच कृती रोज दोन्ही पायांनी पंधरा-पंधरा वेळा करा.

बारा वेळा नीट उठता आलं की पाच लिटर पाण्याचा कॅन छातीशी धरा, म्हणजे पाच किलो झाले. मग वजन न घेता आसन दोन-दोन इंचांनी खाली आणा: आधी घडीची चादर ठेवलेलं बुटकं स्टूल, मग नुसतं स्टूल, शेवटी पाट. जमिनीवर बसणं परत येतं ते असं. व्यायाम करताना दुखण्याला दहापैकी गुण दिले आणि ते तीनपर्यंतच राहिलं आणि दुसऱ्या सकाळी पूर्ववत झालं तर चालेल. सकाळी सूज दिसली तर एक पायरी मागे या. हृदयविकार किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल तर डॉक्टरांना विचारून सुरू करा.

10,000 हा आकडा 1965 च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजणारं यंत्र विकताना आला. त्या यंत्राचं नावच ‘दहा हजार पावलांचं मापक’ अशा अर्थाचं होतं. चालणं चांगलंच, दमसास वाढतो. पण सपाट रस्त्यावर चालून मांडीला खुर्चीतून उठण्याइतकी मेहनत पडत नाही. जागतिक आरोग्य संघटना चालण्यासारख्या व्यायामासोबत आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सांगते. संदेशात तो भाग गाळलाय.

राहिला जिना. उतरताना गुडघ्यावर जास्त जोर येतो हे खरं, म्हणून दुखत असेल तर कठडा धरा. चढताना बरा पाय आधी वर टाका, उतरताना दुखरा पाय आधी खाली.