‘व्याकरण फेकून द्या, मराठीत विचार करू नका’ या मेसेजला उत्तर

प्रवेश सुरू झाले की पुण्यातल्या होस्टेलांच्या आणि अभ्यासिकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो मला चार वेगवेगळ्या विद्यार्थ्यांनी पाठवला आणि चौघांनीही खाली एकच प्रश्न लिहिला होता: मॅडम, हे खरं आहे का? मेसेज थोडक्यात असा: ‘इंग्रजी बोलायचंय? व्याकरण फेकून द्या, लहान मूल कुठे व्याकरण शिकतं? मराठीत विचार करणं आजपासून बंद. रोज ५० नवे शब्द पाठ करा. ॲक्सेंट सुधारा. चुकलं तरी बोलत राहा, कुणी दुरुस्त करायला लागलं तर लक्ष देऊ नका. ३० दिवसांत फाडफाड इंग्रजी.’

विद्यापीठात शिकणाऱ्या मुलामुलींकडून मी इंग्रजी संभाषणाचा सराव करून घेते. बहुतेक जण बीड, लातूर, नंदुरबार, सोलापूरकडून आलेले, मराठी माध्यमातले. यातल्या काहींनी हा मेसेज प्रमाण मानून दोन-दोन महिने घालवले आणि शेवटी ‘आपल्यातच काहीतरी कमी आहे’ असं ठरवून गप्प बसले. कमी त्यांच्यात नव्हतं. म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘लहान मूल व्याकरण शिकतं का?’

शिकतं. दोन-अडीच वर्षांच्या मराठी मुलाकडे कान देऊन बघा. ते म्हणतं, ‘मी करलं’. घरात ‘करलं’ कुणीच म्हणत नाही, सगळे ‘केलं’ म्हणतात. मग ते आलं कुठून? बसलं, पडलं, हसलं ऐकून त्या मुलाने स्वतःच नियम काढला आणि ‘कर’ला लावून टाकला. इंग्रजी घरातली मुलंही अगदी अशीच ‘वेंट’ऐवजी ‘गोएड’ म्हणतात, ‘गो’ला ‘एड’ जोडून. म्हणजे मूल नियम शोधत असतं, फक्त त्याला त्यासाठी जागेपणाचे सगळे तास, तेच ते बोलणारी चार माणसं आणि काही वर्षं मिळतात. एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला आलेल्या मुलीकडे यातलं काही नसतं. तिच्याकडे संध्याकाळचा एक तास असतो. पण तिच्याकडे बाळाकडे नसलेली एक गोष्ट असते: नियम सांगितला तर तो तिला पाच मिनिटांत कळतो. तो सांगायचाच नाही, असं म्हणणं तिच्यावर अन्याय आहे.

मेसेजमधली एक गोष्ट मला मान्य आहे. शाळेत व्याकरणाच्या नावाखाली जे झालं त्यातून बोलणं आलं नाही. ॲक्टिव्हचं पॅसिव्ह आणि डायरेक्टचं इनडायरेक्ट करण्यात पैकीच्या पैकी गुण मिळवलेली मुलं माझ्यासमोर ‘व्हेअर यू आर गोइंग?’ म्हणतात. पण त्याचं उत्तर व्याकरण फेकणं हे नाही. कुठलं व्याकरण आधी घ्यायचं, हा खरा प्रश्न आहे.

आणि ते मराठीकडे बघितल्याशिवाय कळतच नाही. पुण्यात कुठल्याही मुलाखतीत पहिल्या दोन मिनिटांत येणारं वाक्य घ्या: ‘मी दोन वर्षांपासून पुण्यात राहतो.’ मुलं म्हणतात, ‘आय ॲम लिव्हिंग इन पुणे सिन्स टू इयर्स.’ ही चूक निष्काळजीपणाची नाही. मराठीत ‘२०२३पासून’ आणि ‘दोन वर्षांपासून’ या दोन्हीकडे ‘पासून’ एकच, आणि क्रियापद साधं ‘राहतो’. इंग्रजीत सुरुवातीचा क्षण सांगायचा तर ‘सिन्स’, कालावधी सांगायचा तर ‘फॉर’, आणि तेव्हापासून आजपर्यंत चालू असलेली गोष्ट म्हणून क्रियापद ‘हॅव बीन लिव्हिंग’. एवढं कळलं की मुलं स्वतःची दहा वाक्यं करतात: किती दिवसांपासून बस पकडतोय, कधीपासून मेसचं जेवतोय, केव्हापासून प्रोजेक्टवर काम करतोय. माझ्या वहीत अशा सतरा जागा लिहिलेल्या आहेत, जिथे मराठी एका बाजूला वळते आणि इंग्रजी दुसऱ्या. सबंध व्याकरणाच्या जाड पुस्तकापेक्षा या सतरा जागा आधी घ्याव्यात, असं माझं मत आहे.

‘मराठीत विचार करणं बंद करा’

मला सगळ्यात जास्त त्रास या वाक्याचा होतो, कारण त्याने मुलांच्या हातातलं हत्यारच काढून घेतलं जातं. वीस वर्षं ज्या भाषेत जगलो तिच्यात विचार करणं ठरवून थांबत नाही. थांबवायला गेलं की डोकं रिकामं होतं आणि गटचर्चेत तोंडातून शब्द फुटत नाही.

उलट, मराठी नीट पाहिली की इंग्रजीची अर्धी कोडी सुटतात. ‘ए’ आणि ‘द’ घ्या. मराठीत आर्टिकल नाहीत म्हणून हे आपल्याला जमणारच नाही, असं मुलांना सांगितलेलं असतं. मी त्यांना कहाणी आठवायला सांगते. आटपाट नगर होतं. तिथे एक राजा होता. त्या राजाला दोन राण्या होत्या. पहिल्यांदा आला तेव्हा ‘एक राजा’, ओळख झाल्यावर ‘त्या राजाला’. ‘अ किंग’ आणि ‘द किंग’ यांत मुळातला फरक हाच आहे. पुढे बारकावे आहेतच, पण आजीच्या मांडीवर बसून जे कळलं होतं तेच हे, एवढं लक्षात आलं की भीती जाते.

आता मराठीने चकवा देणारी जागा. ‘मित्राला विचारलं’ मधल्या ‘ला’मुळे मुलं ‘आय आस्क्ड टू माय फ्रेंड’ म्हणतात. ‘विषयावर चर्चा केली’ मधल्या ‘वर’मुळे ‘डिस्कस्ड ऑन द टॉपिक’. ‘त्याच्याशी लग्न केलं’ मधल्या ‘शी’मुळे ‘मॅरीड विथ हिम’. इंग्रजीत या तिन्ही क्रियापदांना मधे काहीच नको: आस्क्ड माय फ्रेंड, डिस्कस्ड द टॉपिक, मॅरीड हिम. चूक मराठीतूनच आली आणि मराठीतूनच सापडली. ‘मला समजतंय’वरून ‘आय ॲम अंडरस्टँडिंग’ येतं तेही असंच. इंग्रजीत समजणं, माहीत असणं, आवडणं या चालू असलेल्या क्रिया मानत नाहीत, त्या स्थिती असतात, म्हणून साधं ‘आय अंडरस्टँड’.

प्रश्न विचारतानाही हेच होतं. ‘तू घरी चालला आहेस’ आणि ‘तू कुठे चालला आहेस’ यांत शब्दांचा क्रम बदलत नाही. इंग्रजीत ‘यू आर’चं ‘आर यू’ होतं. पण ‘कॅन यू टेल मी’ने सुरुवात केली की पुढचा क्रम पुन्हा सरळ: ‘कॅन यू टेल मी व्हेअर द लायब्ररी इज’. गणेशखिंडच्या आवारात जयकर ग्रंथालयाचा रस्ता विचारण्याचा सराव आम्ही दोन्ही प्रकारांनी करतो, दोघा-दोघांत, पुन्हा पुन्हा, जीभ वळेपर्यंत.

आणखी एक जागा फार नाजूक आहे. एका विद्यार्थ्याने परदेशातल्या प्राध्यापकाला लिहिलं, ‘सेंड मी युवर पेपर.’ उत्तर आलं नाही. तो मुलगा अत्यंत नम्र आहे. त्याच्या मनात होतं, ‘मला तुमचा पेपर पाठवा’, आणि मराठीत ‘पाठवा’ या एका रूपात आदर आलेला असतो. ‘पाठव’ आणि ‘पाठवा’ यांतलं अंतर इंग्रजी क्रियापदाला दाखवता येत नाही, तिथे ते काम ‘कुड यू’, ‘वुड यू’, ‘आय वुड बी ग्रेटफुल इफ’ यांना करावं लागतं. मराठीत विचार करू नका म्हणून सांगितलेल्या मुलाला हे कधी कळणार?

ज्या विद्यापीठात ही मुलं शिकतात त्याला २०१४ पासून सावित्रीबाई फुल्यांचं नाव आहे. १८५४ साली छापलेल्या आपल्या कवितांमध्ये त्यांनी इंग्रजी शिका असं कळकळीने सांगितलं, आणि ते मराठीत सांगितलं.

‘रोज ५० शब्द’

महिन्याचे १५०० होतात, आणि त्यांतले बहुतेक महिनाअखेर आठवत नाहीत, कारण ते कुठल्याच वाक्यात बसलेले नसतात. शिवाय कुठले शब्द, हे मेसेज सांगतच नाही. अप्पा बळवंत चौकात मिळणाऱ्या शब्दांच्या पुस्तिका मी चाळल्या आहेत, त्यांत वर्षातून एकदाही लागणार नाहीत असे शब्द पानंच्या पानं असतात. मायकेल वेस्ट या इंग्रज शिक्षकाने बंगालमध्ये शिकवल्याच्या अनुभवावर पुढे काम करून १९५३ साली सुमारे २००० नेहमीच्या शब्दांची यादी काढली. साध्या लेखनातले जवळपास ८० टक्के शब्द तेवढ्यात भागतात. उच्च शिक्षणाच्या पुस्तकांसाठी न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली ५७० शब्दकुटुंबांची (एकाच मुळापासून बनलेल्या शब्दांच्या गटांची) वेगळी यादी केली: ॲनलाइज, सिग्निफिकंट, मेथड अशा जातीचे शब्द. पदव्युत्तर विद्यार्थ्याने वेळ इथे घालवावा.

आणि नेहमीच्या शब्दांतच खरी मेहनत आहे. ‘काढणे’ बघा. फोटो काढला, चप्पल काढली, विहिरीतून पाणी काढलं, मित्रासाठी वेळ काढला, राग भावावर काढला. इंग्रजीत अनुक्रमे टेक अ फोटो, टेक ऑफ, ड्रॉ वॉटर, मेक टाइम, टेक इट आउट ऑन. ‘रिमूव्ह’ हा एकच शब्द पाठ केलेली मुलगी ‘प्लीज रिमूव्ह माय फोटो’ म्हणते आणि समोरचा फोटो डिलीट करतो. म्हणून शब्द एकटा लिहून घेऊ नका, त्याच्या जोडीदारासकट लिहा. रोज सहा-सात पुरेत. आदल्या दिवशीचे, आदल्या आठवड्याचे परत बघितले तर ते राहतात.

‘ॲक्सेंट सुधारा’

यावर फार वेळ घालवू नये. मराठी वळणाची इंग्रजी जगात कुठेही समजते. एकच गोष्ट जरूर करावी: आपला ‘व’ एकच आहे, इंग्रजीत दोन आहेत. ‘व्हेस्ट’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, ‘वेस्ट’ म्हणताना ओठ गोल होतात आणि दात लागत नाहीत. आरशासमोर आठवडाभर केलं की जमतं.

‘चुकलं तरी बोला, दुरुस्तीकडे लक्ष देऊ नका’

पहिला अर्धा भाग बरोबर, दुसरा घातक. कुणी हसतं म्हणून मुलं गप्प बसतात हे मी पाहिलं आहे, आणि हसणाऱ्याला त्याच क्षणी थांबवणं हे शिकवणाऱ्याचं काम आहे. पण तीच चूक शंभरदा केली की ती घट्ट होते. म्हणून बोलताना मधे तोडायचं नाही, बोलून झाल्यावर दोनच चुका सांगायच्या आणि लगेच पुन्हा बोलायला लावायचं. आम्ही एकच गोष्ट तीन वेगळ्या जोडीदारांना सांगतो: आधी चार मिनिटांत, मग तीन, मग दोन. तिसऱ्या खेपेला अडखळणं कमी झालेलं बोलणाऱ्यालाच ऐकू येतं.

‘३० दिवसांत’

रोज एक तास म्हणजे ३० तास. केंब्रिजच्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेचा अंदाज असा: ए वन ते सी टू अशा सहा पायऱ्यांच्या युरोपीय भाषा-मोजपट्टीवर दुसऱ्या, ए टू पातळीपर्यंत यायला शिक्षकाबरोबरचे सुमारे १८० ते २०० तास, बी वनला ३५० ते ४००, आणि कामाच्या ठिकाणी निर्धास्त बोलता येईल अशा बी टूला ५०० ते ६००. हे तास शून्यापासून मोजलेले आहेत, आणि आपली मुलं शून्यावर नाहीत. महाराष्ट्रात मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली ती २००० साली. म्हणजे आज पदवीला असलेल्या मराठी माध्यमाच्या मुलांच्या पाठीशी बारा वर्षांची इंग्रजी आहे. त्यांना वाचता येतं, ऐकलेलं बरंचसं कळतं. बोलायची पाळी मात्र कुणी दिली नाही. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना ए टूपासून बी वनला जायला रोज एक तास धरून साधारण सहा महिने लागतात, कुणाला जास्त.

तरीही हातात ३० दिवसच असतील, महिन्यावर मुलाखत असेल, तर त्यांत एवढं नक्की होतं: स्वतःबद्दल, गावाबद्दल, प्रोजेक्टबद्दल दोन मिनिटं न थांबता बोलणं. ‘सिन्स’ आणि ‘फॉर’मधली गफलत कायमची सुटणं. सरळ प्रश्न बरोबर विचारणं. न कळलेलं ‘कुड यू प्लीज रिपीट दॅट?’ म्हणून पुन्हा विचारणं. गेल्या वर्षी एक मुलगी महिन्याभरात एवढंच करून हिंजवडीला मुलाखतीला गेली. तिसरा प्रश्न तिला कळला नाही, तिने तो पुन्हा विचारून घेतला आणि मग उत्तर दिलं. परत आल्यावर तिने मला निकालाच्या आधी हेच सांगितलं.